सात नंबरची जीभ

६ जानेवारी, सोमवार

लॅबच्या कुकरचं रबर गेलं. अर्धी वाफ बाजूने. नवं बसवलं आणि मगच बॅच लावली. डॉ. अदितीच्या थिसिसच्या स्लाइड, जिभेच्या. तीन गट: निरोगी जीभ, पांढरे चट्टे पडलेली आणि कॅन्सर झालेली. तिन्हींत पी-५३ नावाचं प्रथिन किती दिसतं, एवढंच बघायचं; असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे निळं. पोरगी हुशार आहे, पण घाई फार. मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधी विचारते, "दीदी, कैसा आया?"

अच्छा आया. माझा रंग नेहमी चांगलाच येतो.

आपली पाठ आपणच थोपटावी, दुसऱ्या कोणाला वेळ आहे! विभागाला कुकर मंजूर होईना तेव्हा घरचा पाच लिटरचा मीच उचलून आणला. तेव्हापासून त्यात वरण शिजलं नाही, नुसत्या काचा शिजतात.

८ जाने., बुधवार

नंबर सात. निरोगी गटातली. तपकिरी.

बाकी निरोगी सगळ्या निळ्या, हव्या तशा. सातमध्ये खालच्या थरातल्या पेशींची केंद्रकं तपकिरी, आणि तिथून वर दोन-तीन थर चढलेली. सलग. डॉ. अ.ने काच दोनदा सरकवून बघितली. मग हळूच, "दीदी, कुकर में ज़्यादा तो नहीं हो गया?"

नाही झालं. (हे मनात. तोंडाने म्हटलं, फिर से करती हूँ.)

सात नंबर कोणाचा ते तिला माहीत नाही. थिसिसचा नियमच तसा, नावं नाहीत, नुसते नंबर. मला माहीत आहे. नमुन्याच्या डबीवर नंबर मीच घातला होता.

सात म्हणजे माझा दादा.

९ जाने., गुरुवार

झोप नीट झाली नाही. मांडून बघते एकदा.

दिवाळीआधी दादाच्या जिभेला उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ आली होती. तुटक्या दाढेवर घासून घासून. दातांच्या डॉक्टरांनी काढली, रिपोर्ट साधा आला, भीतीचं काही नाही. तेव्हा डॉ. अ. रडकुंडीला आलेली. तिला निरोगी जिभा हव्या होत्या, आणि निरोगी जीभ कोण कापून देणार? मीच शहाणी पुढे झाले. गाठीच्या कडेची चांगली कातडी वापरा म्हटलं. दादाची सही घेतली. फॉर्म मी भरला, कारण तो चष्मा विसरून आला होता.

तंबाखू: नाही. सुपारी: नाही. दारू: नाही.

विचारलंही नाही त्याला. विचारायचं काय? आई गेली तेव्हा ग्वारीघाटला अस्थी सोडल्या, आणि त्याच पाण्यात गुडघाभर उभं राहून दादाने ओंजळीत पाणी घेऊन तंबाखू सोडली. पुडी, चुन्याची डबी, सगळं नर्मदेत. बारा वर्षं झाली. फॅक्टरीतले दोस्त हातावर मळून त्याच्या नाकाशी धरायचे, हा ढिम्म. रिटायर झाला तरी ढिम्म. नर्मदेला दिलेला शब्द या गावात माणूस सहसा मोडत नाही. आणि दादा? छे.

मग हा तपकिरी आला कुठून?

१० जाने., शुक्रवार

पुन्हा लावली. बफर ताजं, रबर नवं, घड्याळ समोर. सोबत नेहमीच्या दोन साक्षीदार काचा. एक हमखास तपकिरी येणारी. दुसरी अँटिबॉडी न घातलेली, ती निळीच राहायला हवी. पहिली तपकिरी आली, दुसरी निळी राहिली. रंगात खोट नाही.

सात तपकिरी.

सव्वीस वर्षं हेच काम केलं. माझी काच चुकली असं कोणी म्हटलं की अंगावर धावून जाते, सगळा विभाग ओळखून आहे. आज देवाशपथ वाटत होतं, चुकलेली असू दे.

१३ जाने., सोमवार

विभागप्रमुख सरांनी खोलीत बोलावलं. डॉ. अ. आधीच तिथे, मान खाली.

"नलिनी जी, एक स्लाइड से क्या होता है? टेक्निकल फेल्योर लिख दीजिए. हम दूसरा नॉर्मल ले लेंगे." रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यावर बोट.

सर वाईट नाहीत. म्हणाले तेही खोटं नाही. पी-५३ रंगला म्हणजे कॅन्सर, असं काही नसतं. दाढेच्या घासण्यानेही थोडाफार रंगतो. पण थोडाफार वेगळा आणि हा वेगळा. इतक्या जिभा बघितल्यात, मला कळतं.

पेन हातात घेतलं. दोन शब्द लिहायचे होते. लिहिले असते तर मी चुकले असते आणि दादा सुटला असता. कागदावर.

पेन खाली ठेवलं. म्हटलं, "सर, फेल नहीं है. फेल लिखूँगी तो झूठ होगा."

"तो क्या लिखेंगी आप?"

लिहिलं: स्टेन बरोबर. दोनदा केला. सही, तारीख.

अक्षर मोत्यासारखं आलं. सरांनी रजिस्टर मिटलं आणि चहासुद्धा विचारला नाही. नको तुमचा चहा.

१४ जाने., संक्रांत

सकाळीच दादाचा फोन. "नले, तिळगूळ घे, गोड गोड बोल." म्हटलं, बोलेन हं. ठेवला.

काय बोलणार होते? अजून मलाच काही कळलेलं नाही. लाडू कडक झाले. पाक पुढे गेला, लक्ष नव्हतं.

१९ जाने., रविवार

रांझीला दादाकडे. वहिनीचं हळदीकुंकू. वाण म्हणून चहाच्या गाळण्या. बायका अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत, सुनांची गाऱ्हाणी पूर्ण हिंदीत. दादा रिवाजाप्रमाणे घराबाहेर हाकललेला.

हात धुवायला बाथरूममध्ये गेले. खिडकीत ब्रश, साबण आणि एक चपटी पत्र्याची डबी. सहज उघडली. आत काळा ओलसर लगदा, बोटाचा खड्डा पडलेला. वास गोडूस.

गुडाखू.

आमच्याकडे ओपीडीत रोज कोणी ना कोणी असतंच. "नहीं साब, तम्बाकू नहीं लेती, मंजन करती हूँ." मंजन म्हणजे हेच. तंबाखू आणि गुळाचा लगदा. बोटावर घ्यायचा, दातांना, हिरड्यांना चोळायचा, मग तोंडात तसाच धरून बसायचं. मी त्या बायकांना मनातल्या मनात हसते. शिकलेल्या नाहीत बिचाऱ्या, म्हणते.

बायका गेल्यावर डबी वहिनीपुढे धरली. "ही कोणाची?"

"यांची. काहून? दात घासतात ना त्यानं. दाढ दुखून राहिली होती तर कोणी सांगितलं. मीच तर आणते, बडा फुहाऱ्याच्या बाजारातून, साबणासोबत."

"किती वेळा घासतो?"

"सकाळी. जेवल्यावर. चार वाजता चहाच्या आधी. अन् झोपताना..." कुंकवाचा करंडा हातात तसाच राहिला. "नलूताई, काय झालं?"

चार वेळा दात घासणारा माणूस! कोणाला संशय नाही. वहिनीला नाही, मला नाही. मी, जी रोज जिभांचे काप काढते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वहिनीवर ओरडले. उगाच. रागावायचं तर आरशासमोर.

२० जाने., सोमवार

ड्यूटी संपवून थेट रांझी. दादा अंगणात पेपर वाचत होता. सगळं सांगितलं. काच, रंग, डबी.

"डोकं फिरलं काय तुझं? मंजन आहे ते."

"डबीवर लिहिलंय तंबाखू. चित्र पण आहे."

"मी काय चष्मा लावून दात घासतो?"

हसू येत होतं आणि कानाखाली द्यावीशीही वाटत होती. मोठा आहे म्हणून वाचला.

समजावलं. म्हटलं, प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचा एक चौकीदार असतो. पेशी बिघडली की तिला पुढे वाढू देत नाही. तो धड असतो तेव्हा आपलं काम करून लगेच नाहीसा होतो, आमच्या रंगात सापडतच नाही म्हण. बिघडला की मात्र जागच्या जागी साचून राहतो, तो तपकिरी दिसतो.

दादा म्हणाला, "म्हणजे आमच्या फॅक्टरीच्या गेटसारखं. कामाचा चौकीदार कधी दिसत नसे, फिरत असे. बिनकामाचा खुर्चीवर बसलेला दिसे."

इतके दिवस डॉक्टर लोकांना ऐकते, असं सोपं कोणी सांगितलं नाही. म्हटलं, हो, तसंच. तुझ्या जिभेत तो खुर्चीवर बसलेला दिसतोय. एकदा दाखवून घे.

"मी नाही येत."

"दादा..."

"नले, मी नर्मदेत सोडली. आईच्या अस्थींसमोर. तू म्हणून राहिली की मी बारा वर्षं खोटा वागलो?" आवाज फाटला. कॅन्सर शब्द मी दोनदा उच्चारला होता, त्याला काही झालं नव्हतं. हे लागलं.

उठून आत गेला. दार लावलं. चहा न घेता निघाले.

२२ जाने., बुधवार

डॉ. अ.ला सांगून टाकलं. सात नंबर माझा भाऊ. फॉर्म मी भरला आणि चुकीचा भरला.

"दीदी, कोड आपको बताना नहीं चाहिए था."

"कोड गया भाड़ में."

पोरगी दचकली, मग डोळ्यांत चमक. मला वाटलं, सुटली आता, सातला गटातून काढायला चांगलं कारण मिळालं. पण म्हणाली, "निकालूँगी तो लिखकर निकालूँगी. क्यों निकाला, पूरा." आणि मग, "उन्हें ले आइए. मुझे मुँह देखना है."

सरांचं म्हणणं, थिसिसच्या काचेवरून पेशंट परत बोलावता येत नाही. ही म्हणाली, बहन अपने भाई को दाँत की ओपीडी में दिखाए, इसमें कौन सा नियम टूटता है?

बरी आहे पोरगी. घाई करते ती करू दे.

२८ जाने., मंगळवार

दादा फोन उचलत नाही. वहिनी सांगते, डबी तिने कचऱ्यात फेकली तर तो चालत जाऊन दुसरी घेऊन आला. दोन दिवस तशीच ठेवली, उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. मग स्वतःच बंद करून कपाटावर ठेवली. डोकं दुखतं, सगळ्यांवर खेकसतो, कुलरवरसुद्धा, जो जानेवारीत बंदच आहे.

म्हणजे कळतंय त्याला. नुसतं मंजन असतं तर डोकं कशाला दुखलं असतं?

३१ जाने., शुक्रवार

सरांनी पुन्हा विचारलं, रजिस्टरमधला शेरा बदलायचा का. म्हटलं, खोडाखोड करायची सवय नाही मला. पुढे जे होईल ते होईल. फार तर बदली करतील, पण मग कुकर सोबत नेईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी, नर्मदा जयंती

सहा वाजता दादाचा फोन. "ग्वारीघाटला ये. आत्ता."

घाटावर मुंगीला जागा नाही. भंडारे, ढोल, फुलांच्या दुरड्या. दादा आंघोळ करून ओल्या धोतरात उभा, आईच्या वेळी उभा होता त्याच पायरीवर. मुठीत कपाटावरची डबी. आज पुन्हा सोडतो म्हणाला, या वेळी हीसुद्धा.

ओंजळीत पाणी घेतलं होतं त्याने. मी मनगट धरलं.

"नदीत नको."

"काहून?"

"एकदा सोडलीस, तुझी तूच फसवणूक केलीस. नर्मदामैयाने काय बिघडवलंय तुझं, प्रत्येक वेळी तिच्याच पदरात घालून राहिला? ती डॉक्टरला जाऊन सांगणार आहे काय? सोडायची तर इथे सोड." पर्समधून कोरा फॉर्म काढला. चार दिवस सोबत घेऊन हिंडत होते.

बाजूचा पंडाजी बघतच राहिला. दादाला वाटलं मी भांडायला आले. आलेच होते.

त्याने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. मग पायरीवर बसला. या वेळी चष्मा होता. कागदावर ओल्या धोतराचं पाणी ठिबकू नये म्हणून गुडघे बाजूला घेतले आणि स्वतःच्या हाताने लिहिलं:

गुडाखू. दिवसातून चार वेळा. बारा वर्षे.

"बारा?" मी विचारलं.

"तंबाखू सोडली अन् आठव्या दिवशी दाढ दुखायला लागली. मंजनानं लई बरं वाटलं." पेन परत केलं. "मला वाटे, मैयाची कृपा झाली. तंबाखूची आठवणच येत नाही."

मी रडले. घाटावर, गर्दीत, नाक वाहेपर्यंत. दादाने ओल्या धोतराचं टोक पुढे केलं. डबी माझ्या पर्समध्ये.

६ फेब्रु., गुरुवार

आला. इस्त्रीचा शर्ट घालून, जसा काही फॅक्टरीत पगारवाढीच्या मुलाखतीला.

दातांच्या डॉक्टरांनी जीभ गॉजने धरून बाहेर ओढली, उजवीकडे वळवली. मागे, जिथे आपल्याला आरशात कधी दिसत नाही तिथे, डाळीच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा. पुसून जात नाही. गाठ होती त्या बाजूला नाही, दुसऱ्याच; गुडाखू सगळ्याच तोंडाला लागतो. डॉ. अ. माझ्याकडे बघत होती, मी चट्ट्याकडे.

म्हणजे माझी काच खोटं बोलत नव्हती. अभिमान वाटायला हवा होता ना? वाटला नाही.

लगेच तुकडा घेतला. दोन टाके. बाहेर आल्यावर बोलता येईना, तर खिशातल्या चिठोऱ्यावर लिहून दाखवलं: आता फक्त गोड बोलतो.

मेल्या. (मोठ्या भावाला असं लिहू नये. लिहिलं.)

८ फेब्रु., शनिवार

सरांनी बोलावलं. घरच्या माणसाचा नमुना आहे, तुम्ही हात लावू नका, दुसऱ्या टेक्निशियनला देतो. काळजीनेच म्हणाले, ते कळलं.

म्हटलं, "सर, सब लोगों के भाई की जीभ मैं काटती हूँ. अपने भाई की भी मैं काटूँगी. देखिए आप, लिखिए आप. काटूँगी मैं."

सरांनी नमुन्याचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "चाय लेंगी?"

घेतला.

११ फेब्रु., मंगळवार

सकाळी ब्लॉक हातात आला. मेणात बसवलेला एवढासा तुकडा. काप काढायच्या मायक्रोटोमला नवं पातं लावलं. पहिली रिबन फाटली, तेवढंच. दुसरी सरळ आली, पाण्यावर सुरकुती न पडता पसरली. आधी साधा रंग. ती काच सरांनी बघितली, खूप वेळ. म्हणाले, "पी-५३ भी लगा दीजिए. दोनों साथ में देखकर लिखूँगा."

चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. मी विचारलंही नाही.

दादा सकाळपासून बाहेर बाकावर. घरी जा म्हटलं तर मान हलवतो. घरात शिल्लक राहिलेली आणखी एक डबीसुद्धा घेऊन आला होता, माझ्या टेबलावर ठेवली. किती दिवस डबी उघडली नाही, याचा हिशोब सांगत नाही, मीही विचारत नाही.

दुपारी कुकर लावला. वाफ धरली. शिट्टी ऐकून दादा दारात येऊन उभा. टाक्यांमुळे बोबडा बोलतो.

"शिजलं काय?"

"शिजलं. रंग चढायचाय अजून."

"नीट चढव, नले. घाबरून हात हलवू नको."

"जो आहे तोच चढेल दादा. मी कमी करत नाही, जास्त करत नाही."

"मंग तेच तर म्हणून राहिलो."

तो बाकावर जाऊन बसला. मी रजिस्टर उघडून नवी ओळ घातली. या वेळी नंबर नाही, दादाचं पूर्ण नाव. तंबाखूच्या रकान्यात त्याच्या अक्षरावरून उतरवलं तसंच. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

पाच वाजता काच तयार होईल. जो रंग निघेल तो मीच लिहिणार, आणि खाली सही करणार.